धुराची सरासरी

नाशिकरोड
९ ऑगस्ट १९८४

जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. दिल्लीत खोली मिळाली, ऑफिसला चालत जाता येतं, हे वाचलं. समितीच्या पहिल्याच बैठकीत तुमची नवज्योत चूल तीन राज्यांत वाटायचं ठरलं, हेही वाचलं. इथल्या पेपरात तुमचा फोटो आला होता. कोणीतरी तो कापून स्टाफरूमच्या फळ्यावर लावला. प्राचार्यांनी मला पेढा दिला. मी खाल्ला.

दुसरा लेख कुठवर आला, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या लेखात आपण कॉलेजच्या आवारात चूल पेटवून मोजलं होतं, लाकूड किती वाचतं आणि धूर किती कमी होतो. तेवढ्यावर तुम्हाला दिल्लीचं बोलावणं आलं. त्याच लेखाच्या शेवटी आपण लिहिलं होतं की गावांत बसवलेल्या चुलींचं वर्षभर वापरल्यानंतर काय होतं ते पुढे तपासू. ते वाक्य तुमचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चांदवडकडच्या गावांत तेवढंच केलं.

पद्धत तुम्हाला सांगायला नको. पण समितीत कोणाला दाखवायची झाली तर म्हणून लिहिते. मुंबईहून उसना आणलेला छोटा पंप बाईच्या पदराला नाकाजवळ अडकवायचा. स्वयंपाक होईपर्यंत तो तिच्या नाकाजवळची हवा ओढतो. हवेतला धूर गाळणकागदावर बसतो. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. प्रत्येक घरी असं काही दिवस करून सरासरी काढायची.

तोलून झाले. आकडे चांगले नाहीत. बऱ्याच घरांत धूर जुन्या चुलीइतकाच आहे, काही घरांत जुन्याहून जास्त. मी तराजू पुन्हा तपासून घेतला. चूक तराजूची नाही.

बाकी सगळं ठीक. आई गावी भिकनभाऊजींकडेच आहेत. त्यांना थोडा खोकला आहे. पावसाळी असेल.

कमळ


नाशिकरोड
१४ ऑक्टोबर १९८४

जयभीम.

तुमच्या पत्रातले चार मुद्दे वाचले. बायका चूल नीट वापरत नाहीत, हा पहिला. घरं फार थोडी मोजली, हा दुसरा. हिवाळ्यात परत मोजावं, हा तिसरा. चौथा मुद्दा तुम्ही मुद्दा म्हणून लिहिला नाही, पण शेवटच्या ओळीत आहे, की वाटप सुरू होईपर्यंत लेख कुठे पाठवू नये.

पहिल्याबद्दल लिहिते. आपण चुलीचं तोंड लहान ठेवलं, कारण तोंड लहान असलं की हवा नीट ओढली जाते आणि धूर मागच्या पाइपातून छपरावर जातो. ते बरोबर आहे. पण भाकरी तव्यावर झाली की तोंडाशी निखाऱ्यापुढे उभी करून शेकावी लागते. लहान तोंडाशी ती उभी राहत नाही. कच्ची भाकरी घरात कोणी खात नाही. म्हणून बायका तोंड फोडून मोठं करतात, आणि मग धूर पुढून येतो. पाइपात काजळी धरते, ती काढायला छपरावर चढावं लागतं. घरातला माणूस चढत नाही, आणि बाईने छपरावर चढायची पद्धत नाही. कॉलेजच्या आवारात आपण भाकरी केली नव्हती. पातेल्यात पाणी उकळलं होतं.

हिवाळ्यात परत मोजेन. घरंही वाढवेन. ते तुमचं म्हणणं रास्त आहे.

आईंना इकडे आणलं आहे. तुम्हाला कळवू नको असं त्यांनी सांगितलं होतं, तुम्ही मोठ्या कामात आहात म्हणून. छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीचा एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "बाई, बिडी किती वर्षं ओढता?"

आईंना ते आवडलं नाही. म्हणाल्या, "कधीच नाय. घरात कोणी वढली तर त्याला बाहीर घालवते मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरं आहे. मग त्यांनी विचारलं, स्वयंपाक कशावर करतात. मी सांगितलं. त्यांनी औषधं लिहून दिली.

कमळ


नाशिकरोड
२० जानेवारी १९८५

जयभीम.

नोव्हेंबरमध्ये दिल्लीत दंगली झाल्या तेव्हाची तुमची सुखरूप असल्याची तार आईंना वाचून दाखवली होती. त्यांनी ती उशीखाली ठेवली.

भोपाळ झाल्यापासून स्टाफरूममध्ये सगळे हवेबद्दल बोलतात. ज्यांनी कधी पंपाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते विचारतात, मॅडम, नाशिकला काही धोका नाही ना? मी कारखान्यांचं मोजत नाही, स्वयंपाकघरांचं मोजते, असं सांगितलं की त्यांचा विषय बदलतो.

हिवाळी सुट्टीत परत मोजलं. घरं जवळजवळ दुप्पट घेतली. थंडीत दारं बंद असतात, त्यामुळे आकडे आणखी वर गेले. लेखाचा कच्चा मसुदा यासोबत आहे. पहिलं नाव माझं घातलंय, दुसरं तुमचं. खटकलं तर कळवा, उलट करीन. आकडे उलट होणार नाहीत.

तक्त्यात घरांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. पहिल्या फेरीचे क्रमांक मी बदलून टाकले आहेत, म्हणजे कोणाचं घर कोणतं ते कळू नये. तुमच्या आईंचं घरही त्यात आहे. तुमची पहिली चूल तिथेच बसवली होती, ते घर वगळता आलं नसतं.

आईंना आता बसून झोपावं लागतं. पाठीशी उशा लावते. बोलताना मधे थांबतात. तुम्ही यावं असं मी लिहीत नाही. काय आहे तेवढं लिहिते.

कमळ


नाशिकरोड
१९ मार्च १९८५

तार मिळाली असेल. तुमच्या ऑफिसात फोन लावला होता. तुम्ही परदेशी पाहुण्यांना घेऊन राजस्थानात चुली दाखवायला गेला आहात, असं कळलं. निरोप ठेवला.

आई काल दुपारी गेल्या. मी कॉलेजातून लवकर आले होते. त्यांनी चहा मागितला, मी आत गेले, बाहेर आले तर गेल्या होत्या. चहा मी ओतून टाकला नाही, तसाच ओट्यावर राहिला. संध्याकाळी शेजारच्या शकुबाईंनी कप धुतला तेव्हा लक्षात आलं.

भिकनभाऊजी आणि गावची माणसं टेंपोने आली. इथेच केलं सगळं. तुमची वाट पाहायची का, असं भाऊजींनी विचारलं. मी म्हटलं, कधी येतील ते माहीत नाही.

मी रडले नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या. काय करायला हवं ते मला सुचत नव्हतं, म्हणून सगळ्यांना पाणी देत होते.

जलदान विधी रविवारी गावी आहे.

कमळ


नाशिकरोड
११ एप्रिल १९८५

जयभीम.

विधीच्या दिवशी तुम्ही मला अंगणात बाजूला घेऊन म्हणालात, "आईचं घर तक्त्यातून काढ. ती आजारी होती, तिचा आकडा धरता येत नाही." मी उत्तर दिलं नाही. पाहुणे जेवायला बसत होते. तुमची परतीची गाडी होती. उत्तर आता देते.

पहिल्यांदा मोजलं तेव्हा आईंनी अंथरूण धरलेलं नव्हतं. भाऊजींच्या घरातल्या सगळ्यांच्या भाकऱ्या त्याच करत होत्या. पंप पदराला लावला तर हसत होत्या, म्हणाल्या, दागिना घातलास गं मला. त्यांचा आकडा धरता येतो.

आणखी एक सांगायचं आहे. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. आता त्या नाहीत आणि मला ते एकटीला ठेवून घ्यायचं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी धुराच्या मोजणीचे कागद पसरून बसले होते. आईंनी विचारलं, "माझं काय लिव्हलंय त्यात?"

मी म्हटलं, "तुमचं नाव नाही आई, आकडा आहे."

"लहान हाय का मोठा?"

"मोठा आहे."

त्या मग म्हणाल्या, "मंग त्याला वाईट वाटंल." आणि मग थांबत थांबत सांगितलं. तुम्ही बसवलेली चूल त्यांनी पहिल्याच महिन्यात फोडली होती. भाकरी शेकत नव्हती आणि भाऊजी ताटावरून उठून जायचे. तुम्ही येणार असं कळलं की त्या आदल्या दिवशी माती कालवायच्या, तोंड परत बारीक करायच्या, वर सारवण घालायच्या. ओली माती दिसू नये म्हणून राख लावायच्या. तुम्ही यायचात, चूल बघायचात आणि विचारायचात, धूर नाही ना आता? त्या म्हणायच्या, नाय बाबा. तुम्ही गेलात की परत फोडायच्या.

मी विचारलं, खरं का नाही सांगितलं? म्हणाल्या, "त्यानं माझ्यासाठी केली व्हती ना."

पहिल्या लेखात "एका वृद्ध वापरकर्तीच्या मते धूर पूर्ण थांबला" असं एक वाक्य आहे. ते तुम्ही याच उत्तरावरून लिहिलं होतं. तुम्ही खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. तुम्हाला सांगितलं तेच तुम्ही लिहिलंत.

मी तक्ता बदलत नाही.

कमळ


नाशिकरोड
२ डिसेंबर १९८५

जयभीम.

रजिस्टरने पाठवलेला संमतीचा कागद सही न होता परत आला. सोबतची तुमची चिठ्ठी वाचली. चूल तुमची असली तरी हे निष्कर्ष तुमचे नाहीत, तेव्हा नाव काढून टाकावं, असं लिहिलंत. काढलं.

लेख ज्यांना पाठवला होता त्या इंग्लंडच्या संपादकांना तसं कळवलं आहे. त्यांच्याकडून दोन परीक्षकांची मतं आली होती. एकाने लिहिलं की अशा मोजण्या अजून फार थोड्या झाल्या आहेत, लवकर छापावं. दुसऱ्याने विचारलं की ज्याने चूल बनवली तोच माणूस ती निकामी आहे असं कसं म्हणतो, हे स्पष्ट करावं. आता तो प्रश्न उरला नाही.

लेख इनायतभाईंकडून परत टाइप करून घेतला. कोर्टाजवळ त्यांचं टेबल आहे, आपला पहिला लेखही त्यांनीच केला होता. पहिलं पान काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "मॅडम, साहेबांचं नाव राहून गेलं बघा. दोघांचं असतं ना नेहमी."

मी म्हटलं, "राहिलं नाही. असंच आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पुढचं पान घातलं. निघताना म्हणाले, घरी चूल आहे आमच्याकडं पण, माजिदाचे डोळे लाल असतात, काय करावं? त्यांची बायको.  इतकी पानं त्यांनीच टाइप केली होती आणि त्यात उत्तर नव्हतं.

प्राचार्यांनी बोलावलं होतं. सरकारी योजनेवर लिहायची मी परवानगी घेतली आहे का, अशी वरून विचारणा आली आहे. कोणी केली ते त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही केली असं मी धरत नाही. प्राचार्य चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, एक वर्ष थांबा. योजना जुनी झाली की कोणाला काही वाटत नाही."

मी म्हटलं, "सर, एका वर्षात आणखी किती चुली बसतील?"

त्यांनी फाइल मिटली. लेखाचं पाकीट मी त्याच दुपारी पोस्टात टाकलं. वार्षिक वाढ रोखली तर रोखतील.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. लोक विचारतात. मी सांगते, काम आहे. आता ते विचारत नाहीत.

कमळ


नाशिकरोड
५ ऑक्टोबर १९८६

जयभीम.

लेख छापून आला. जून अंकात आहे, इथे बोटीने यायला वेळ लागला. कॉलेजने काही केलं नाही. वाढ मिळाली.

गेल्या आठवड्यात पेपरात चार ओळी होत्या की नवज्योत चूल वाटपाच्या यादीतून वगळली. माझ्या लेखामुळे की आणखी कशाने, ते लिहिलेलं नाही. तुम्हाला दुसऱ्या विभागात बसवलं, असं भिकनभाऊजींकडून कळलं. मला आता बरं वाटत असेल, असं तुम्ही त्यांना म्हणालात. भाऊजींनी ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि मान खाली घातली.

बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. आई गेल्यापासून असंच आहे. शिकवते, तपासते, भाजी आणते. अंक हातात आला तेव्हा मी आधी पोस्टाचे शिक्के बघितले, मग उघडला.

लेखाच्या शेवटी आभार मानायची जागा असते. मी सगळ्या बायकांची नावं दिली होती. संपादकांनी लिहिलं, इतकी नावं छापायची पद्धत नाही, "गावातील महिला" असं लिहावं. मी लिहिलं की पद्धत नसेल तर लेख परत करा. छापली. आईंचं, नवसाबाई पुंजाराम पगारे हे नावही त्यात आहे. कोणता क्रमांक कोणाचा, हे मात्र छापलेलं नाही.

अंक घेऊन गावी गेले होते. मोजणीतल्या भागीबाईंच्या ओट्यावर बायका जमल्या. भागीबाईंना वाचता येत नाही, त्यांनी बोट लावून विचारलं, माझं कुठंय? दाखवलं. त्यांनी तिथे बोट ठेवून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या चुली वाईट हायेत, हे साहेबाच्या देशात समजलं. बरं झालं. आता चांगली कोण देणार?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"वाटणारे लोक बी येत नाय आता. तू लिव्हलं तवापासून."

रागाने म्हणाल्या नाहीत. चहा दिला. त्यांच्या घरात धूर होता, मी दारात बसून चहा प्यायले. परतीच्या एसटीत बसले तेव्हा पहिल्यांदा काहीतरी झालं. खिडकीतून बाहेर कांद्याची लावण चालली होती, मी ते बघत होते, आणि गालावर ओलं लागलं. शेजारच्या बाईने विचारलं, डोळ्यात गेलं का काही? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये मोठ्या तोंडाची एक चूल घालायला घेतली. तोंड मोठं ठेवून धूर मागे ओढायचा तर आत मातीचा एक आडवा उंचवटा लागेल असं वाटतं. पहिल्या दोन जमल्या नाहीत. तुम्हाला अशा गोष्टी लवकर दिसतात. मला हात मातीत घालून बघावं लागतं.

कमळ


नाशिकरोड
२३ फेब्रुवारी १९८७

श्री. जे. पी. पगारे यांस,

लेखाच्या छापील प्रती मागणारी कार्डं अजून येतात. हंगेरीहून आलं, फिलिपिन्सहून आलं, केनियाहून एका बाईंचं आलं. सगळी सारखीच असतात. महाशय, आपल्या अमुक लेखाची प्रत पाठवल्यास आभारी होईन. लेखक बाई आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मी प्रत घालते, पत्ता लिहिते, पाठवते.

परवा दिल्लीचं कार्ड आलं. तुमच्या ऑफिसचं छापील कार्ड, त्यावरही "महाशय". अर्जदाराच्या जागी तुमचं नाव होतं. मला वाटलं कारकुनाने पाठवलं असेल. उलटवलं तर मागे तुमच्या अक्षरात एक ओळ होती. आईचा क्रमांक कोणता?

 हा क्रमांक मी कोणालाही सांगणार नव्हते. कोणाचंच घर कळू नये असं मी त्या बायकांना सांगून मोजलं होतं. पण आईंनी तुमच्यापासून ते लपवलं ते तुम्हाला लागू नये म्हणून, आणि तुम्हाला लागायचं ते लागून गेलं आहे. तेव्हा सांगते.

प्रत सोबत आहे. दुसरा तक्ता बघा. वरून सातवी ओळ. शेवटच्या रकान्यात सरासरी आहे. गावातल्या सगळ्या घरांत ती तिसऱ्या नंबरची मोठी आहे. त्यांच्याहून जास्त धूर खाणाऱ्या दोघी अजून जिवंत आहेत आणि रोज स्वयंपाक करतात.

मोठ्या तोंडाच्या चुलीचं काही अंशी जमलं आहे. मागच्या महिन्यात भागीबाईंच्या घरी एक बसवली. पाच-सहा वेळा फोडून परत घातली, त्यांनीच फोडायला सांगितली. भाकरी शेकते. धूर थोडा कमी आहे, थोडाच. पाइप भिंतीतून बाहेर काढला आहे, म्हणजे खालून साफ करता येतो. मागे ओढ कमी पडते, ते का ते मला समजत नाही. पाइपाची उंची असेल किंवा वळण असेल. हे तुमच्या विषयातलं आहे. याचा लेख होईल की नाही ठाऊक नाही. झाला तर त्यावर कोणाची नावं असतील, तेही आज सांगता येत नाही.

सुट्टी लागली की मी गावीच असेन. यायचं ठरवलंत तर कोणाला आधी कळवू नका. सकाळी या, स्वयंपाकाच्या वेळेला, आणि आत चुलीपाशी बसा.

कमळ